परकेपणाचे सुख

परदेशी चार-दोन वर्षे राहून आलेल्या माणसाजवळ गोष्टींचा तोटा नसतो, आणि त्या गोष्टी बहुधा विनोदी असतात. रविवारी सकाळी घरात दुधाचा थेंब नाही आणि गावातले एकूण एक दुकान बंद. कचऱ्याचे पाच प्रकार आणि त्यांच्या पाच पेट्या. रिकाम्या बाटल्या यंत्राच्या तोंडात घालून त्यांचे पैसे परत मिळविण्यासाठी लागलेली सभ्य गृहस्थांची रांग. ऐकणारे हसतात, सांगणाराही हसतो. आता मौज अशी की, हाच गृहस्थ पुण्यात असताना कचऱ्याची गाडी दोन दिवस आली नाही तर महानगरपालिकेच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत असे. गृहसंस्थेच्या वार्षिक सभेतून तो घरी येई तो डोके धरूनच. सोसायटीतला कचरा त्याला संताप आणतो आणि स्टुटगार्टमधला कचरा त्याला हसवितो. तर मग हा फरक कचऱ्यातला की त्याच्यातला, असा प्रश्न विचारावयास हरकत नसावी.

नावीन्याने हसू येते, असे याचे उत्तर सामान्यतः देण्यात येते. मला ते पुरेसे वाटत नाही. नावीन्य आपल्या गावीही असते. सरकार दर वर्षी एखादा नवा नियम किंवा नवा अर्ज काढीतच असते. पण तो अर्ज हाती घेऊन कोणी खदखदून हसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा कारण अधिक खोल असले पाहिजे. ते शोधावयाचे तर अनुभवाकडेच वळणे बरे.

माझी दोन वर्षे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात, नेकर नदीच्या काठच्या एका विद्यापीठाच्या गावी गेली. त्या देशात विनोदाचा अभाव आहे असा एक प्रवाद आहे. तो खरा असो वा खोटा, परक्यास पुरेल इतका विनोद तेथील नियमांतच भरलेला असतो. रविवारच्या विश्रांतीस तेथे राज्यघटनेचे संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतील एक कलम १९४९ च्या मूलभूत कायद्यात जसेच्या तसे घेण्यात आले, आणि त्या कलमाने रविवार हा श्रमांपासून विसावा घेण्याचा व मनाच्या उन्नतीचा दिवस ठरविला आहे. मनाची उन्नती होवो न होवो, त्या दिवशी भिंतीत खिळा ठोकता येत नाही आणि रिकामी काचेची बाटली रस्त्यावरच्या काचपेटीत टाकता येत नाही. कारण तिचा खळ्ळकन आवाज होतो. काचपेट्याही तीन: पांढऱ्या काचेची, हिरव्या काचेची, तपकिरी काचेची. निळी बाटली कोठे टाकावी हा प्रश्न मी तेथील एका विद्वान सहकाऱ्यास केला. त्यांनी क्षणभरही न थांबता, "हिरव्या पेटीत," असे उत्तर दिले. ज्याअर्थी त्यांना हे तोंडपाठ होते, त्याअर्थी हा प्रश्न त्या राष्ट्राने पूर्वीच विचारात घेऊन निकालात काढला होता.

परंतु या बाह्य गमतींपेक्षा भाषेतल्या गमती मला अधिक विचारप्रवर्तक वाटल्या. कोणी खाण्याची वस्तू पुढे केली असता जर्मन मनुष्य नुसते 'धन्यवाद' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नको' असा होतो. हवे असल्यास 'कृपया' म्हणावयाचे असते. आमच्या परिचयाचे एक मराठी दांपत्य तेथे नवीन आले असता यजमानीणबाईंनी केकची बशी त्यांच्यापुढे केली. गृहस्थांनी हसून जर्मन भाषेत धन्यवाद दिले आणि बशी पुढे गेली. पत्नीने आपल्या वळणाप्रमाणे 'नको, नको' म्हटले; तेव्हाही बशी पुढे गेली. दुसऱ्यांदा कोणी विचारलेच नाही. रात्री घरी येऊन उभयतांनी पिठले-भात करून खाल्ला.

या प्रसंगाची गोष्ट पुढे अनेक मराठी घरांतून हसत हसत सांगितली गेली, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्या शेवटी 'यांच्यात आग्रह म्हणून नाहीच' असा शेरा मारला गेला. मला तो शेरा एकतर्फी वाटतो. आपल्याकडचे पहिले 'नको' हे नकार नसते, दुसरेही नसते. तिसऱ्यावर विचार सुरू होतो. यजमानास हे ठाऊक असते, पाहुण्यास ठाऊक असते, पाहुण्याबरोबर आलेल्या पाच वर्षांच्या मुलासही ठाऊक असते. तेव्हा कोणी कोणास फसवीत नाही. असत्याच्या बाबतीत अत्यंत कठोर असलेल्या कांटनेसुद्धा आपल्या मानवशास्त्रावरील १७९८ च्या ग्रंथात लौकिक शिष्टाचाराच्या खोटेपणाला सूट दिली आहे. त्याची किंमत सर्वांस ठाऊक असते, म्हणून ती फसवणूक नव्हे, व्यवहारातले ते सुटे नाणे आहे, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे आपले 'नको' कांटच्याही न्यायालयात सुटते. अडचण एवढीच की, हे सुटे नाणे सरहद्दीपलीकडे चालत नाही. तेथे 'नको' हा शब्द पूर्ण वजनाने घेतला जातो. आणि माझ्या शब्दावर लोक इतका विश्वास ठेवतात याचा आनंद मानावा की उपाशी राहिल्याचे दुःख करावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला स्वतःला तो विश्वास पुढे पुढे आवडू लागला. आग्रहात माया असते हे खरे. पण समोरच्याचे 'नको' ऐकू न येण्याची सवयही तेथूनच लागते, आणि ती पंगतीपुरती राहत नाही. मुलीच्या लग्नाच्या बैठकीत तिचे 'नको' किती वेळा म्हटल्यावर खरे धरावयाचे, हा हिशेब आपल्याकडे अजून पुरता बसलेला नाही.

असो. मूळ प्रश्न राहूनच गेला. परदेशी राहणे इतके हलके का वाटते?

मला वाटते, त्याचे पहिले कारण असे की तेथे 'चार लोक' नसतात. आपल्याकडे मनुष्य जन्मतो तो या चार लोकांच्या देखत, आणि मरतो तोही त्यांच्याच खांद्यावर. चार लोक काय म्हणतील या भीतीने त्याचे शिक्षण, लग्न, दिवाळी आणि पोशाख ही सर्व ठरतात. परदेशी पाऊल टाकताच हे चार लोक एकाएकी नाहीसे होतात. पन्नाशीचा प्राध्यापक हातात पाव खात रस्त्याने चालू शकतो. त्याची भाषा बालवाडीतल्या मुलाची असते, आणि म्हणून मुलाचे स्वातंत्र्यही त्यास मिळते. कोणी त्याच्यापासून काही अपेक्षा करीत नाही. ज्या माणसाने तीस वर्षे दुसऱ्यांची वाक्ये सुधारण्यात घालविली, त्यास पाववाल्या पोरीने हसत हसत लिंगवचन सुधारून द्यावे, यात अपमान नसून एक प्रकारची सुटका आहे. आपल्या पूर्वजांनी समुद्रगमनास प्रायश्चित्त ठेवले होते. त्यांना खाऱ्या पाण्याचे भय नसून या अनावलोकित मनुष्याचे भय असावे, अशी मला शंका येते.

तथापि हे चार लोक तेथे खरोखरीच नसतात काय? जर्मन भाषा थोडीशी कळू लागल्यावर माझ्या ध्यानात आले की ते तेथेही भरपूर आहेत. समोरच्या खिडकीच्या जाळीदार पडद्याआड ते बसलेले असतात. जिन्यात, पावाच्या दुकानात, ट्रामच्या थांब्यावर ते बोलत असतात. अमुक यांनी हिवाळ्यात खिडक्या उघडून घरातली हवा पालटली नाही, तमुक यांनी पिवळ्या पेटीत कागद टाकला. परक्याचे स्वातंत्र्य हे बव्हंशी त्याच्या बहिरेपणाचे फळ असते. तो हसतो, कारण त्याच्याविषयी काय बोलले जात आहे ते त्यास कळत नाही. येथे मात्र एक नैतिक प्रश्न उभा राहतो. बहिरेपणाने मिळालेले सुख जपून ठेवण्यासाठी बहिरे राहणे योग्य आहे काय? कारण असे करणारे पुष्कळ आहेत. वीस-वीस वर्षे एका देशात राहून तेथील भाषेत दुकानापलीकडे न जाणारे, तेथील निवडणुकीत कोण उभे आहे हे न जाणणारे, आणि तरीही त्या लोकांच्या स्वभावावर तासभर रसाळ बोलणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. विनोद त्यांचा ताजा असतो. फक्त तो वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या महिन्यातला असतो.

कांटचे नाव वर आलेच आहे. हा मनुष्य जन्मभर पूर्व प्रशियाच्या बाहेर गेला नाही, आणि तरीही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस जगाचा भूगोल शिकवीत राहिला. चिरशांततेवरील १७९५ च्या आपल्या निबंधात त्याने परक्याच्या हक्काचा विचार केला आहे. पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, त्यावर माणसांना अनंतापर्यंत पांगता येणार नाही. म्हणून दुसऱ्याच्या भूमीवर आलेल्या माणसास शत्रू म्हणून वागविता कामा नये. पण हा हक्क भेटीस येण्याचा. मुक्काम ठोकण्याचा नव्हे, त्यासाठी निराळा करार लागतो. हा भेद करताना कांटच्या डोळ्यांपुढे कोण होते हे पाहण्यासारखे आहे. व्यापाराच्या मिषाने भेटीस आलेल्या आणि मालक होऊन बसलेल्या युरोपीय राष्ट्रांचा त्याने तेथेच निषेध केला आहे, आणि त्यात हिंदुस्थानचे नाव घेतले आहे. आपली म्हण याहून थोडक्यात बोलते: तिसऱ्या दिवशीही राहिलेल्या पाहुण्याची ती अक्कल काढते. परंतु आजच्या जगात तिसऱ्या दिवशी राहणारेच अधिक. गेओर्ग झिमेल या बर्लिनच्या समाजशास्त्रज्ञाने १९०८ साली परक्यावर एक लहानसे प्रकरण लिहिले. त्याचा परका आज येऊन उद्या जाणारा वाटसरू नव्हे, तर आज येऊन उद्याही राहणारा आहे. अशा माणसास जवळचेही नीट दिसते, कारण तो तेथील जुन्या भाऊबंदकीत गुंतलेला नसतो. झिमेलच्या मते ही त्याची मोठी शक्ती आहे.

ही शक्ती कशी वापरावी याचे उदाहरण आपल्याच घरातले आहे. इरावती कर्वे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे पुरस्कर्ते होते, आणि कवटीच्या ठेवणीतील विषमतेचा वंशाशी संबंध दिसून येईल अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या, आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. परमुलखात, परभाषेत, ज्याच्या हाती आपली पदवी त्याच्याच मताविरुद्ध. त्यांच्याही आधी पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या. त्यांच्या १८८९ च्या पुस्तकात त्या देशाची भरघोस स्तुती आहे आणि तेथील वर्णद्वेषाविषयी कडक शब्दही आहेत. या दोघींनाही तेथे गमतीचे प्रसंग आलेच असतील. पण परकेपणाने दिलेली मोकळीक त्यांनी केवळ गमतीत खर्च केली नाही.

सामान्य माणसाने कवट्या मोजाव्यात असे माझे म्हणणे नाही. त्याच्या वाट्यास लहान गोष्टी येतात. श्वाबिया प्रांतात, म्हणजे मी होतो त्याच भागात, 'केरवोखे' नावाची एक प्रथा आहे. तिचा अर्थ केर काढण्याचा आठवडा. आणि त्या शब्दात आपला 'केर' योगायोगाने जसाच्या तसा ऐकू येतो, याचा तेथील मराठी मंडळींस कोण आनंद! इमारतीतील बिऱ्हाडांनी आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडावयाचा व पुसावयाचा, दारासमोरची पायवाट साफ ठेवावयाची, आणि बर्फ पडले तर तेही बाजूस करावयाचे. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक पाटी येऊन लटकते. तेथील लोक या प्रथेचे मूळ पंधराव्या शतकाच्या अखेरच्या नगरनियमांपर्यंत नेतात. स्टुटगार्ट शहरात तर १९८८ पर्यंत तिला नगराच्या नियमाचा आधार होता. पुढे तो गेला, परंतु घरभाड्याच्या करारनाम्यांतून ती अजून जिवंत आहे.

पहिल्या दिवशी ही पाटी पाहून सगळेच हसतात. आमच्या जिन्यात तळमजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई राहत. नवीन बिऱ्हाडकरूस त्या पहिले काही आठवडे काहीच बोलत नसत. गोड हसत, हवेविषयी दोन शब्द बोलत. आमच्या वरच्या मजल्यावर एक तुर्की कुटुंब होते. त्यातील गृहिणीने मला हसत सांगितले, "त्या तुम्हांला अजून रागावत नाहीत ना? म्हणजे तुम्ही अजून पाहुणे." पुढे एका शनिवारी आजीबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या, आमच्या मजल्यावरच्या कठड्याच्या खालच्या कोपऱ्यावरून बोट फिरविले, ते आम्हांस दाखविले, आणि श्वाबियन बोलीत पाच मिनिटे जे काही सांगितले त्यातील निम्मे मला कळले. आमच्या कुटुंबाला, आश्चर्य असे की, सगळे कळले. त्या म्हणाल्या, "अगदी आमच्या आत्याबाई बोलल्या." त्या दिवसानंतर जिन्याची गोष्ट आमच्या घरी विनोदी राहिली नाही, पण बाईंकडचा प्लमचा केक मात्र दर आठवड्यास येऊ लागला. त्यावर 'नको' म्हणण्याची पद्धत आम्ही तोवर सोडली होती.

रागावण्याचा हक्क हा नागरिकत्वाचा पहिला दाखला आहे, असे मला त्या तुर्की बाईंच्या बोलण्यावरून वाटले. कागदावरचे नागरिकत्व फार उशिरा येते आणि पुष्कळांस येतही नाही. हिंदी नागरिकास जर्मनीत मत नाही. आपल्या देशात २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थांस मतदारयादीत नाव घालता येते, पण मत देण्यास स्वतः यावे लागते. म्हणजे मताची किंमत विमानाच्या तिकिटाइतकी. इंग्लंडातील हिंदी माणसाची स्थिती याहून निराळी आहे. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून त्यास तेथे मत असते, आणि दादाभाई नौरोजी तर १८९२ सालीच लंडनच्या एका मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेले होते. पण मताचा हक्क हाती असूनही मतदानाच्या दिवशी हवेवर विनोद करीत घरी बसणारे लोक लंडनमध्ये भेटले. त्यांना मत नको होते असे नाही. मत दिले की त्या देशाच्या बऱ्यावाईटाचा वाटा अंगावर येतो, आणि हसण्याची सोय जाते.

इतका वेळ मी यजमान देशाविषयीच बोललो. परक्याच्या हलकेपणाचा खरा भार पुष्कळदा त्या देशावर पडतच नाही. तो मागे राहिलेल्या घरावर पडतो.

सांगलीकडचे एक कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. धाकटे बंधू स्टुटगार्टला अभियंते, थोरले गावी शाळेत शिक्षक, आई थोरल्यांकडे. तिला मधुमेह आहे, दृष्टी अधू आहे. रोज संध्याकाळी धाकट्यांचा चेहरा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो, आणि बाटल्यांचे यंत्र, बर्फात घसरलेला पोस्टमन, साहेबाने वाढदिवसास स्वतःच आणलेला केक (तेथे ज्याचा वाढदिवस त्यानेच इतरांस खाऊ घालावयाचे असते) अशा गोष्टी निघतात. म्हातारी डोळ्यांत पाणी येईतो हसते. एकदा मी तेथे असता थोरले बंधू आतल्या खोलीत तिच्या इन्शुलिनची मात्रा भरीत होते. मी सहज म्हणालो, "आईंना फार आनंद देतो हो धाकटा." त्यांनी सुई उजेडाकडे धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "हो. संध्याकाळ त्याच्याकडे असते, सकाळ माझ्याकडे."

या वाक्यात मत्सर नव्हता. धाकट्यांनी पैशास कधी कमी केले नाही, हेही थोरल्यांनीच मला सांगितले. तरी मला वाटते की पैसा ही या ठिकाणी फार सोपी भरपाई आहे. धाकटे विनोदी आहेत आणि थोरले रुक्ष आहेत असे सारे गाव म्हणते. मीही काही काळ तसेच समजत होतो, कारण गाव जे म्हणते ते बरोबरच असेल असे समजणे सोयीचे असते. पण या दोघांचे स्वभाव लहानपणी नेमके उलट होते, असे आईच सांगते. नकला थोरले करीत. म्हणजे ज्यास आपण स्वभाव म्हणतो तो पुष्कळ अंशी वाटणी असते. आणि ही वाटणी कोणी कागदावर केलेली नसते, ती विमानाच्या एका तिकिटाने होऊन जाते. धाकट्यांनी गोष्टी सांगणे बंद करावे काय? मुळीच नाही, म्हातारीची संध्याकाळ ओस पाडून कोणते पुण्य लागणार? पण आपले हसू कोणाच्या सकाळीवर उभे आहे हे सांगणाऱ्यास ठाऊक असावे, एवढी अपेक्षा ठेवावयास हरकत नाही.

हे मी धाकट्यांशी, ते येथे आले असता, आडून आडून बोललो. ते काही बोलले नाहीत. गेल्या दोन वर्षांपासून मात्र ते पावसाळ्यात दोन महिने येऊन राहतात, आणि आपले कचेरीचे काम दुपारनंतर माजघरात बसून संगणकावर करतात. सकाळची सुई त्या दोन महिन्यांत त्यांच्याकडे असते. थोरले कोठे यात्रेस वगैरे गेल्याचे मी ऐकले नाही. ते उशिरा उठतात, आणि चहा घेता घेता शेजारच्या मुख्याध्यापकांची नक्कल करून दाखवितात, असे त्यांच्या पत्नीने परवा आमच्या घरी सांगितले.